मऊ आहार आणि प्रथिनांचा हिशेब



इगतपुरी तालुका हे भाताचे आगर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा मुसळधार पाऊस, भातखाचरे, डोंगरउतारावरची नागली, वरई व खुरासणी ही या भागाची ओळख होय. घोटी ही या भाताची बाजारपेठ. येथील भातगिरण्यांतून निघालेला तांदूळ महामार्गाने व रेल्वेने दूरदूर जातो. अशा गावात आजाऱ्याला काय द्यावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. ताप आला, पेज द्यावी. पोट बिघडले, मऊ भात द्यावा. अशक्तपणा आला, वरणाचे पाणी द्यावे. या उत्तरामागे माया आहे आणि नेहमीच्या चार दिवसांच्या आजारात ते पुष्कळदा योग्यही ठरते. परंतु एका नव्या प्रकारच्या रुग्णाच्या बाबतीत हेच उत्तर अपुरे पडते, नव्हे, अपायकारकही ठरू शकते. तो रुग्ण म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घरी परतलेला मनुष्य.

एकाच घरात दोन प्रश्न

काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामीण भागात आहाराचा प्रश्न म्हटला की तो केवळ कुपोषणाचाच असे. आज चित्र दुहेरी झाले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. शेतीची अंगमेहनत कमी झाली, बैठे व्यवसाय वाढले, तळलेले व गोड पदार्थ हाताशी आले. स्थूलतेपाठोपाठ मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार ही दुखणी घरात शिरली.

ज्यांची स्थूलता फार वाढलेली असते आणि आहारनियंत्रण, व्यायाम व औषधोपचार यांनी जी आटोक्यात येत नाही, अशांना वैद्यकीय तपासणीअंती शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. पाश्चात्त्य देशांत १९५० च्या दशकात अशा शस्त्रक्रियांचा आरंभ झाला. १९६६ साली अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया केली आणि तेथून या शास्त्राला निश्चित दिशा मिळाली. पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र आले. मुंबई हे भारतातील अशा शस्त्रक्रियांचे एक प्रमुख केंद्र बनले. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकापर्यंतही तिचे नाव पोहोचले. घोटीपासून मुंबई व नाशिक ही दोन्ही शहरे महामार्गाने व लोहमार्गाने जोडलेली आहेत. शस्त्रक्रिया शहरात होते. तथापि तिच्यानंतरचे महिने आणि वर्षे रुग्णाला आपल्या घरच्या चुलीवर शिजलेल्या अन्नावरच काढावयाची असतात. शस्त्रक्रियेचे यश त्या चुलीपाशी टिकते किंवा गमावले जाते.

जठर लहान, गरज मोठी

या शस्त्रक्रियेचे स्वरूप समजून घेतल्याविना तिच्यानंतरचा आहार समजणार नाही. प्रौढ माणसाच्या जठरात जेवणाच्या वेळी एक ते दीड लिटर अन्नपाणी सहज मावते. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी बनविली जाते. तिच्यात आरंभी सुमारे १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक वाटीभर पदार्थ मावतो. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी तयार करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. ही पिशवी अवघी ३० मिलिलिटरच्या आसपास असते. शिवाय अन्नाचा मार्ग वळविल्यामुळे काही पोषकद्रव्यांचे शोषणही कमी होते.

जागा अशी कमी झाली तरी शरीराची प्रथिनांची गरज कमी होत नाही. स्नायू, त्वचा, रक्तातील द्रव्ये, जखम भरून आणणारे घटक आणि रोगप्रतिकारक शक्ती या सर्वांचा पाया प्रथिने हाच आहे. निरोगी प्रौढासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरविले. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि काहींना योग्य वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने आवश्यक असल्याचे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे.

ही गरज अन्नातून भागली नाही, तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून भागवते. काट्यावरचे वजन झपाट्याने उतरत असते, घरची मंडळी समाधान मानतात आणि गेलेल्या वजनात चरबी किती व मांस किती, याचा विचार कोणी करीत नाही. मग जिना चढताना पाय थरथरतात, जमिनीवरून उठताना आधार लागतो, केस मूठमूठ गळतात, जखम चिघळते. उणीव तीव्र झाली तर पायांवर सूज येते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात काही प्रमाणात केस गळणे पुष्कळांच्या बाबतीत घडते व ते पुन्हा येतात. परंतु गळती थांबत नसेल आणि जोडीला अशक्तपणा असेल, तर प्रथिनांची व इतर पोषकद्रव्यांची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

पेजेचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढवावयाचा असतो. पहिले एकदोन दिवस पाण्यासारखे निवळ पदार्थ, नंतर सुमारे दोन आठवडे दुधासारखे द्रव पदार्थ, त्यानंतर वाटून गाळलेले पदार्थ आणि मग मऊ, सहज कुस्करता येणारे अन्न. सहा ते आठ आठवड्यांनंतर रुग्ण हळूहळू नेहमीच्या आहाराकडे वळतो. शल्यचिकित्सकांनुसार या मुदतींत थोडाफार फरक असतो; रुग्णाने आपल्या डॉक्टरांचे वेळापत्रक पाळावे.

अडचण निर्माण होते ती या मऊ अन्नाच्या टप्प्यात. मऊ म्हटले की भाताच्या प्रदेशात पेज, गुरगुट्या भात, नागलीची आंबील, साबुदाण्याची खीर हेच पदार्थ पुढे येतात. त्यांचा हिशेब मांडून पाहावा. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात. वाटीभर पेजेला वीस ग्रॅमच्या आसपास तांदूळ लागतो, म्हणजे त्या वाटीत प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम. दिवसातून सहा वाट्या पेज घेतली, तरी बेरीज नऊ ग्रॅमच्या पुढे जात नाही. नागलीत तांदळाएवढीच प्रथिने असतात. तिच्यातील कॅल्शियम मात्र विपुल, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असते, हा तिचा मोठा गुण होय. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. रुग्णाचे इवलेसे जठर या पदार्थांनी भरले की साठ ग्रॅमची गरज भागविण्यास जागाच उरत नाही. पोट भरलेले आणि शरीर उपाशी, अशी ही अवस्था असते. शिवाय चिकट मऊ भात अरुंद जठरात गोळा होऊन अडकल्यासारखा वाटतो, असाही पुष्कळ रुग्णांचा अनुभव असतो.

वरणाच्या पाण्याविषयीही असाच गैरसमज आहे. डाळ शिजून तळाशी बसली की वरचे निवळ पाणी आजाऱ्याला आणि खालची घट्ट डाळ धडधाकट मंडळींना वाढली जाते. प्रत्यक्षात प्रथिनांचा मोठा भाग त्या घट्ट डाळीतच राहिलेला असतो. कोंबडीचा रस्सा किंवा पायाचे सूप यांचेही तसेच. ताकद वाढविणारा म्हणून रस्सा रुग्णाला मिळतो, पण प्रथिने मुख्यतः मांसात असतात. पायाच्या सुपात हाडांतून उतरलेला जो चिकट घटक असतो, त्यात शरीराला लागणाऱ्या सर्व आवश्यक अम्लांचा समावेश नसल्याने त्यावर विसंबून राहणे उचित नाही.

मऊ, तरी सकस

यावर उपाय सोपा आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. घासाचा क्रम बदलावा: प्रथम प्रथिने, नंतर भाजी, आणि जागा उरलीच तर भात किंवा भाकरी. मऊपणा कायम ठेवून प्रथिने वाढविणारे पदार्थ घोटीच्या बाजारातच मिळतात.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. अंडे मंद आचेवर दुधात फेटून ओलसर शिजविले, तर ते पेजेइतकेच सुलभ होते. दोनशे मिलिलिटर दुधातून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्याच दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम मिसळली, तर आणखी ५ ग्रॅमची भर पडते आणि आकारमान मात्र जवळजवळ तेवढेच राहते. दही फडक्यात बांधून पाणी निथळू दिले की तेवढ्याच वाटीत प्रथिने अधिक मावतात. साखर न घालता हा चक्का जिरेपूड व किंचित मीठ लावून द्यावा. घरी दूध फाडून केलेले पनीर कुस्करून ५० ग्रॅम दिल्यास सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. काट्याविना वाफवलेली ५० ग्रॅम मासळी सुमारे १० ग्रॅम देते. कोंबडीचे मांस द्यावयाचे असल्यास ते खिम्यासारखे बारीक करून, रसदार ठेवून द्यावे. कोरडे व धाग्यांचे तुकडे अडकतात. सुक्या मासळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. सुकट धुऊन, भाजून, बारीक दळून तिची चमचाभर पूड वरणात मिसळता येईल. परंतु तिच्यात मीठ पुष्कळ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णाने जपून वापर करावा.

माळकरी व शाकाहारी कुटुंबांनीही निराश होण्याचे कारण नाही. पंचवीस ग्रॅम मूग, मसूर किंवा तुरीच्या डाळीत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ घट्ट शिजवून घोटावी, पाणी वाढवू नये. खिचडी करावयाची झाल्यास एरवी तांदूळ दोन भाग आणि डाळ एक भाग घेतात, ते प्रमाण उलटे करावे. डाळ व धान्य एकत्र आल्याने एकातील उणीव दुसऱ्यात भरून निघते, हा पूर्वजांचा अनुभव शास्त्रानेही मान्य केला आहे. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. त्या भिजवून, पिळून, वाटून डाळीत शिजविल्या तर चवीला बाधा येत नाही. शेंगदाणे व खुरासणी यांत प्रथिने चांगली असली तरी तेलही भरपूर असते. त्यांचा कूट बारीक करून चमचा-दोन चमचेच वापरावा.

एका दिवसाचा आराखडा पुढीलप्रमाणे होऊ शकेल. सकाळी भुकटी मिसळलेले दूध, ११ ग्रॅम. दोन तासांनी एक मऊ अंडे, ६ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम मासळी किंवा पनीर, ९ ते १० ग्रॅम. तिसऱ्या प्रहरी घट्ट डाळ, ६ ग्रॅम. सायंकाळी पुन्हा भुकटीचे दूध, ११ ग्रॅम. रात्री एक अंडे किंवा तेवढीच डाळ, ६ ग्रॅम. एकूण बेरीज ५० ग्रॅमच्या आसपास होते. उरलेले १० ग्रॅम डॉक्टरांनी सुचविलेल्या प्रथिनांच्या भुकटीतून घ्यावेत. ज्यांना दूध पचत नाही, त्यांनी दही, चक्का व पनीर यांचा आधार घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

खाण्याची रीतही महत्त्वाची आहे. लहान चमच्याने, वीस ते तीस वेळा चावून, वीस मिनिटे तरी लावून खावे. जेवताना पाणी पिऊ नये. ते जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे. गूळ-साखरेचे पदार्थ टाळावेत. जठराचा मार्ग वळविलेल्या रुग्णाला त्यांमुळे घाम, धडधड व जुलाब यांचा त्रास होतो. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढेही घेत राहाव्या लागतात. थोडे चालणे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांची जोड मिळाली, तरच खाल्लेली प्रथिने स्नायूंच्या कामी येतात.

भातगिरणीच्या गावाला सांगण्याजोगी एक गोष्ट

प्रथिनांच्या जोडीला एका जीवनसत्त्वाचा उल्लेख करणे अवश्य आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करणारे डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांना असे दिसले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खाऊ घातला की त्या बऱ्या होतात. त्या संशोधनातून पुढे ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गिरणीत तांदूळ पांढरा होतो, त्याबरोबर हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात कोंड्यात जाते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णाला वारंवार उलट्या होतात आणि जो केवळ पांढऱ्या भाताच्या पेजेवर राहतो, त्याचा साठा झपाट्याने संपतो. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, डोळ्यांना दुहेरी दिसणे, भ्रमिष्टासारखे बोलणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर तातडीने उपचार झाले नाहीत, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला अशक्तपणा समजून नुसती ग्लुकोजची सलाईन लावणे धोक्याचे ठरते. आधी किंवा निदान तिच्यासोबत ब-१ चे इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेची माहिती गावातील डॉक्टरांना प्रथम सांगावी आणि शस्त्रक्रियेचे कागदपत्र घरात सर्वांना ठाऊक असतील अशा जागी ठेवावेत. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, ताप, पोटात तीव्र वेदना किंवा नाडी जलद असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

समाजाचे कर्तव्य

या सर्व गोष्टी एकट्या रुग्णाने करण्यासारख्या नाहीत. ग्रामीण जीवनात जेवण ही केवळ शरीराची गरज नसते. ती आदरातिथ्याची खूण असते. पंगतीत पाहुण्याने चार घास खाऊन हात थांबविला, तर यजमानाला तो अनादर वाटतो. आग्रह करकरून वाढले जाते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला असा एक जास्तीचा घास उलटी व वेदना यांना कारण होतो. त्याला आग्रह न करणे हाच त्याचा खरा सन्मान होय. "एवढे पैसे खर्चून उपाशीच राहतोस का?" अशा टोमण्यांमुळे माणसे लोकांत जेवणे टाळतात व घरी कसेबसे काहीतरी खाऊन वेळ भागवतात. उपवासाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत साबुदाण्यावर काढलेली एकादशी शरीराला महाग पडते. ज्यांना व्रत मोडावेसे वाटत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून दूध, चक्का, पनीर व राजगिरा यांवर ते पार पाडावे.

शिक्षक, आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांना घरोघरी तीन प्रश्न विचारता येतील: दिवसभरात प्रथिनांचे पदार्थ कोणते व किती घेतले, उलटी होते का, आणि गोळ्या चालू आहेत का. या तीन उत्तरांतून धोका वेळीच ध्यानात येईल.

हा हिशेब केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपुरता नाही. दात गेलेले आजोबा, क्षयाचा रुग्ण, सहा महिने पूर्ण झालेले बालक या सर्वांना मऊ अन्न लागते आणि या सर्वांच्या वाट्याला पातळ पेज व वरणाचे पाणीच येते. क्षयरुग्णाच्या पोषणासाठी शासनाने २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये केली. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देण्याची व्यवस्था झाली. ही रक्कम व हा आहार ताटात योग्य रूपाने उतरला, तरच योजनांचा हेतू सफल होतो. मिळालेल्या पैशांतून साबुदाणा आणावयाचा की अंडी व डाळ, हे घरातील स्वयंपाक करणारी व्यक्ती ठरवीत असते. तिच्यापर्यंत हा साधा हिशेब पोहोचविणे, हे ग्रामसभेचे, शाळेचे आणि अंगणवाडीचे काम आहे.

पेज टाकून द्यावी, असे कोणीही म्हणणार नाही. या मातीत पिकणाऱ्या भाताचा व नागलीचा अभिमान रास्तच आहे. परंतु ज्याच्या जठरात एक वाटीच मावते, त्याच्या वाटीत काय घालावयाचे, हे विचारपूर्वक ठरविले पाहिजे. तळाची घट्ट डाळ आजाऱ्याला आणि वरचे पाणी आमटीला, एवढा एक बदल घरोघरी झाला, तरी पुष्कळ काही साध्य होईल.